निवृत्ती आणि ममता

सेवेतून निवृत्त होण्याचा दिवस ठरलेला असतो. ममतेतून निवृत्त होण्याचा दिवस मात्र कोणी ठरवून देत नाही. तो ज्याचा त्यालाच ठरवावा लागतो.

शास्त्रकारांनी उतारवयासाठी वानप्रस्थाश्रम सांगितला आणि पत्नीसह वनात जाण्याचीही मोकळीक ठेवली. आजही देशोदेशीची वृद्ध दांपत्ये आपापल्या परीने घराबाहेर पडतात. अमेरिकेत अशी पुष्कळ मंडळी मोटारीमागे चाकांवरचे एक छोटे घर जोडून समुद्रकाठी जाऊन राहतात. त्या घरास तिकडे ट्रेलर म्हणतात.

ऑरेगॉन राज्यात, कोलंबिया नदीच्या मुखाजवळ, फोर्ट स्टीव्हन्स उद्यानात असेच एक जोडपे उतरले आहे, अशी कल्पना करावी. ट्रेलरने किती भार वाहावा यास मर्यादा असते. म्हणून चाळीस वर्षांच्या संसारातील एकेक वस्तू हातात घेऊन त्यांनी बहुतेक सर्व मागे ठेविले. आता एक शय्या, एक शेगडी, पाण्याची एक टाकी, एवढ्यात त्यांचे भागते. सकाळी दाराशी खुर्च्या मांडून दोघे कॉफी घेतात. दुपारी पत्नी विणीत बसते, पती डोळे मिटून पडतो. घड्याळ पाहण्याचे कारण उरलेले नाही.

बाहेरून पाहता हे सुख परिपूर्ण आहे. परंतु मिटलेल्या डोळ्यांआड पतीचे मन त्या कुलूपबंद घरीच आहे. ते घर विकावे की न विकावे, यावरून थोरल्या मुलाशी त्याने वर्षभर अबोला धरला आहे. ऑरेगॉनमध्ये १९६७ च्या कायद्याने समुद्रकाठची वाळू सर्व जनतेस फिरण्यास मोकळी झाली. तेथे कोणी कोणास अडवू शकत नाही. अशा वाळूवर बसूनही हा मनुष्य मनातल्या मनात 'माझे, माझे' असेच म्हणत आहे.

सायंकाळी ओहोटी लागली म्हणजे दोघे फिरावयास जातात. तेथे 'पीटर आयरडेल' या जहाजाचा गंजलेला सांगाडा वाळूत रुतलेला आहे. १९०६ साली हे जहाज किनाऱ्यावर चढले. ते सोडून बाहेर पडल्याने त्यावरील सर्व माणसे वाचली. त्या सांगाड्यापाशी पत्नी थबकली आणि म्हणाली, "यांनी जहाज जाऊ दिले आणि माणसे वाचविली. आपण घर वाचविले आणि मुलगा घालविला."

पती काही बोलला नाही. परंतु त्या रात्री त्याने मुलास पत्र लिहिले. मुलाने काय उत्तर दिले, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पत्र लिहिणे हे पित्याचे कर्तव्य होते. उत्तर येणे वा न येणे हे फळ होय, आणि फळावर अधिकार नसतो.

भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात शांत पुरुषास समुद्राची उपमा दिली आहे. नद्या अखंड येऊन मिळतात, तरी समुद्र आपली मर्यादा सोडीत नाही. त्याच्या लगेच पुढील श्लोकात, जो ममता व अहंकार टाकतो त्यालाच शांती लाभते, असे सांगितले आहे. हे दोन श्लोक एकत्र वाचावे. कोलंबियेसारखी महानदी ज्यात अहोरात्र रिती होते, तो सागर महिनाभर पाहत बसले तरी ममता सुटल्यावाचून शांती मिळत नाही. आणि ती सुटली तर घरच्या ओसरीवरही मिळते.

आपल्याकडेही काशीस वा रामेश्वरास जाताना कित्येकजण घराच्या किल्ल्या कमरेस आणि भावाचे वैर हृदयात बांधून नेतात. यात्रेचे सामान बांधताना त्यांनी एवढेच पाहावे की, मागे काय राहिले यापेक्षा मनात काय बरोबर आले. जे ओझे कोणत्याही वाहनाच्या तराजूवर चढत नाही, तेच सर्वांत जड असते. ते भगवंताच्या चरणी ठेवावे, आणि ज्याच्याशी बोलणे तुटले असेल त्याच्याशी आजच बोलावे. खरी निवृत्ती तेथूनच सुरू होते.