जमावाचा गुन्हा, माणसाचा हिशेब

दर वर्षी १२ जानेवारीला सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घातले जातात. फौजदारी वकिलीतून निवृत्त झालेले मामा आणि कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली त्यांची भाची यांच्यात त्यावरून झालेला हा वाद.

भाची : मामा, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १९३१ मध्ये येरवड्यात फाशी झाली. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो, ते बरोबरच. पण ८ मे १९३० ला मंगळवार पेठेतल्या चौकीवर जे पोलीस शिपाई मारले गेले, त्यांचं काय? तेही कुणाच्या घरचे होतेच की ओ.

मामा : होतेच. आधी पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे पडले, लोक भडकले, सगळं खरं. पण भडकून केलेला खूनही खूनच. प्रश्न एवढाच, की तो केला कुणी? एवढ्या मोठ्या जमावातून सरकारने चौघे निवडले. मार्शल लॉ लागला होता आणि चळवळीतली माणसं सरकारच्या डोळ्यांत सलत होती. धनशेट्टी तर लोकांना आवरत होते, असं सोलापूरकर आजही सांगतात.

भाची : म्हणजे सरकारला खुनी नको होते, जरब हवी होती.

मामा : आणि जरब बसवायला खरा गुन्हेगार शोधावा लागत नाही. नावाजलेला माणूस पुरतो.

भाची : आता दुसरी बाजू घ्या. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षेसाठी तिकडे गेली होती, बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आधीपासून फिरत होते. आठवडी बाजारात संशयावरून पाच जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. त्याचे व्हिडिओ देशाने पाहिले. इथे तरी सगळ्यांना शिक्षा का नको?

मामा : सगळे म्हणजे कोण कोण?

भाची : काठी चालवणारे. दार अडवणारे. ‘मारा’ म्हणून ओरडणारे.

मामा : मोबाइलवर शूटिंग करणारा? पिशवी घेऊन लांब उभा राहिलेला म्हातारा?

भाची : बेकायदा जमावाचं कलम आहे ना. पूर्वीच्या दंड संहितेत १४९, आता भारतीय न्याय संहितेत १९०. जमावाच्या उद्देशात जो सामील, तो हात न उगारताही खुनाला जबाबदार.

मामा : सामील होता, हे दाखवावं लागतं. १९६४ च्या मसलती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी सांगितल्या. प्रत्येकाने वार केला हे सिद्ध करायची गरज नाही. पण आरोपी पुष्कळ असतील, तर एखाद्याला दोषी धरण्याआधी दोन-तीन साक्षीदारांच्या जबानीत त्याचं नाव सारखं आलेलं असणं शहाणपणाचं.

भाची : तिथेच अडतं. साक्षीदार म्हणजे गावच. मेलेल्यांची माणसं शेकडो किलोमीटर लांब. एकाने खून केला तर तो सापडतो. पन्नासांनी केला तर ते एकमेकांच्या आड लपतात. मारणारे जितके जास्त, तितके निर्धास्त. हा कसला न्याय?

मामा : उणीव आहे, मान्य. पण ती भरून काढायला पुरावा हलका केलास, तर आधी कोण भरडलं जाईल? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. त्यांतल्या किती जणांना आपल्या सोलापूरच्याच सेटलमेंटमध्ये कोंडलं होतं. तो कायदा जायला १९५२ उजाडलं. तिथे माणसाला त्याने काय केलं, हे कुणी विचारतच नव्हतं. कुठल्या जातीत जन्मला, एवढं पुरे होतं.

भाची : राईनपाड्यातही तेच झालं. परके, भिक्षा मागणारे, म्हणजे पोरं पळवणारेच. आणि मी अख्ख्या गावाला शिक्षा मागितली, तर माझाही न्याय त्याच जातीचा.

मामा : म्हणून एकेकाचा हिशेब वेगळा करावा लागतो. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही.

भाची : पण कायद्यालाही तो हिशेब नीट जमत नाही. न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली; राईनपाड्याला त्याच दिवशी सहा वर्षं झाली. कलम १०३ (२) म्हणतं, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तशाच कारणावरून खून केला, तर फाशी किंवा जन्मठेप. अफवेचं नाव त्यात नाही. आरोपीचा वकील म्हणेल, जात बघून मारलं नाही, संशयावरून मारलं.

मामा : म्हणू दे. साध्या खुनाचं कलम कुठे गेलंय? फाशी-जन्मठेप तिथेही आहेच. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला आणि असे खटले शक्यतो सहा महिन्यांत संपवायला सांगितलं. त्याच डिसेंबरात साक्षीदार संरक्षण योजनाही मान्य केली. कलमांचा तुटवडा नाही. तोंड उघडणाऱ्या माणसांचा आहे.

भाची : मग त्या लांब उभ्या म्हाताऱ्याचं काय?

मामा : कायद्याने निर्दोष. आणि पन्नास काठ्यांपुढे त्याने एकट्याने जायला हवं होतं, हे मी खुर्चीत बसून कुठल्या तोंडाने सांगू?

भाची : त्या दिवसाचं मीही म्हणत नाही. पण पोलीस दारात आले आणि तो म्हणाला, ‘मी बाजाराला गेलोच नव्हतो’, तर? आता समोर काठ्या नाहीत. हे गप्प बसणं त्याने स्वतः पत्करलेलं आहे.

मामा : नंतरही त्याच गावात राहायचं असतं गं.

भाची : एकाने नाव घेतलं तर त्याला गाव सोडावं लागेल. दहा जणांनी घेतलं तर गाव कुणाकुणाला हाकलेल? मारताना संख्येचा आधार घेता येतो, तर साक्ष देतानाही येतो.

मामा : हेच मंगळवार पेठेला लावून बघ. १९३० मध्ये कुणी खऱ्या मारेकऱ्यांची नावं सांगितली असती, तर सोलापूरने त्याचा पुतळा उभारला असता, की त्याला फितूर म्हटलं असतं?

भाची : फितूरच म्हटलं असतं. आणि नावं सांगूनही चौघे सुटले नसते, कारण सरकारला तेच हवे होते. म्हणजे साक्ष देणं कर्तव्य ठरतं ते कुठे? तिच्यामुळे निर्दोष सुटेल, असा भरवसा असेल तिथे.

मामा : तो भरवसा आज आहे का?

भाची : आज तो न्यायालयाने आणि पोलिसांनी द्यायचा आहे. खटला वर्षानुवर्षं रेंगाळला, साक्षीदार उघड्यावर पडला, तर त्या म्हाताऱ्याला बोल लावायचा आपला हक्क कमी होतो.

मामा : कमी होतो म्हण. संपतो म्हणू नकोस. जीव पाच जणांचा गेलाय, आणि कुणी घेतला हे त्याला ठाऊक आहे.