चांगला हेतू पुरेसा आहे का?



एखाद्या मुलाचे भले व्हावे म्हणून आपण मनापासून काही केले आणि त्याचे भले झालेच नाही, तर आपले ते कृत्य चांगले म्हणायचे की नाही? हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गातला वाटेल. पण काही विद्यापीठांतली माणसे रोज सकाळी कामावर जातात ती याच प्रश्नाचे उत्तर शोधायला. शाळकरी मुलांचे मानसिक आरोग्य हा त्यांचा विषय. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९५ साली याच कामासाठी एक केंद्र सुरू झाले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का या विद्यापीठांत असे काम चालते. आपल्या शेजारच्या गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने लंडन आणि हार्वर्डच्या विद्यापीठांबरोबर हेच काम आपल्या देशातील शाळांत केले आहे.

ही माणसे नेमके काय करतात? समुपदेशकांना शिकवतात, मुलांसाठी धडे तयार करतात, पालकांची संमती मागणारी पत्रे लिहितात आणि मुलांकडून प्रश्नावल्या भरून घेतात. झोप लागते का, उदास वाटते का, जगू नये असे कधी मनात आले का, असे ते प्रश्न. कागदावर मुलाचे नाव नसते, क्रमांक असतो. काही महिन्यांनी तीच मुले, तेच प्रश्न. मग ज्या शाळांत कार्यक्रम झाला आणि ज्या शाळांत झाला नाही, त्यांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहायची. काम संथ आहे, त्यात टाळ्या नाहीत.

याची आपल्याला काय गरज, असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले होते आणि कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. एके काळी ख्रिस्तसभेचा १९१७ सालचा कायदा जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारत असे. १९८३ च्या नव्या कायद्यातून ते कलम गेले. मनाच्या भयंकर यातनांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये, असे आजची शिकवण सांगते. म्हणजे मरणानंतर कसे वागावे, हे आपण शिकलो. मरणाआधी काय करावे, याचा शोध ही विद्यापीठांतली माणसे घेत आहेत.

आता चांगल्या हेतूचे पाहू. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एक मोठा प्रयोग केला. मुलांना शांत बसायला, श्वासाकडे लक्ष द्यायला, मनात येणाऱ्या विचारांकडे न घाबरता पाहायला शिकवायचे. ८५ शाळा, आठ हजारांहून अधिक मुले, वय साधारण ११ ते १४. धडे उत्तम तयार केलेले, शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलेले, पैशाची कमतरता नाही. कल्पना इतकी गोड की तिला विरोध कोण करणार? आपल्याला तर ती मौनप्रार्थनेच्या जवळची वाटेल. २०२२ साली निकाल जाहीर झाला. एका वर्षानंतर ही मुले इतर शाळांतल्या मुलांपेक्षा तसूभरही बरी नव्हती. बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. शिवाय जी मुले आधीपासून त्रासात होती, त्यांच्यातल्या काहींना थोडा अपायच झाला असावा, असेही संकेत मिळाले.

आम्हाला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती शेवटची पायरी. ज्यांनी या कार्यक्रमावर वर्षानुवर्षे श्रम घेतले, त्यांनीच उभे राहून सांगितले की तो चालला नाही. निकाल कपाटात ठेवला असता तर कोणाला कळले असते?

संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की कृत्य चांगले ठरायला केवळ हेतू चांगला असून भागत नाही. जे करतो ते स्वतः चांगले हवे आणि परिस्थितीला साजेसेही हवे. म्हणूनच सुज्ञता हा सद्‍गुण बाकीच्या सद्‍गुणांचा सारथी मानला गेला. यावर कोणी म्हणेल, "पण ज्याने मनापासून केले, त्याला देव दोषी धरील का?" नाही धरणार. परंतु दोष नसणे वेगळे आणि जबाबदारी नसणे वेगळे. जे अज्ञान दूर करता आले असते आणि आपण त्याची तसदी घेतली नाही, त्या अज्ञानाची सबब फार टिकत नाही, हे आपली धर्मशिकवणही सांगते. औषध देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी ताप पाहायला जायचे असते. मनाच्या औषधाला हा नियम लागू नाही, असे आपण का धरून चालतो?

संत मार्कच्या शुभवर्तमानात बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट आहे. प्रभू येशूने त्याच्यावर हात ठेवले आणि मग त्याला विचारले, काही दिसते का? माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी, असे तो प्रामाणिकपणे म्हणाला. येशूने पुन्हा हात ठेवले. प्रवचनांत ही गोष्ट फारशी ऐकू येत नाही, कदाचित ती थोडी अवघडल्यासारखी वाटते म्हणून. देवाच्या पुत्राला विचारण्याची गरज काय होती? तरी त्याने विचारले. आणि त्या माणसाने उपकाराच्या भाराखाली "सगळे स्वच्छ दिसते" असे म्हटले नाही.

आपल्याला अधिक बोचणारा प्रश्न मात्र पुढे आहे. कार्यक्रम खरोखर उपयोगी आहे का हे कळायला काही शाळांना तो द्यावा लागतो आणि काहींना द्यायचा नसतो. कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. हे न्यायाचे आहे का? ज्या आईचे मूल चिठ्ठी न निघालेल्या शाळेत आहे, तिने काय म्हणावे?

बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'संगत'च्या संशोधकांनी नववीच्या मुलांसाठी केलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. त्याचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. ७४ शाळांचे तीन गट होते. किशोरांसाठीचा सरकारी शिक्षण कार्यक्रम तिन्ही गटांत चालूच होता, म्हणजे कोणाचे हातचे काढून घेतले नव्हते. एका गटात शाळेबाहेरची, थोडे प्रशिक्षण दिलेली साधी व्यक्ती 'मित्र' म्हणून नेमली. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला दिले. तिसऱ्यात काही जादा नाही. तक्रारी आणि सूचना टाकायला पेटी, भित्तिपत्रक, प्रार्थनेच्या वेळी चर्चा, मुलांचे गट आणि गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे, असे कामाचे स्वरूप होते. बाहेरचा 'मित्र' असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, उदासी घटली, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. दुसऱ्या वर्षी फरक आणखी वाढलेला दिसला. आणि शिक्षकाला तेच काम दिलेल्या शाळांत? काही न केलेल्या शाळांपेक्षा फरक नाही.

चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर हे कधीच कळले नसते. बहुधा सगळीकडे शिक्षकांनाच नेमले असते, कारण ते स्वस्त पडते, आणि हजारो मुलांना आपल्यासाठी काही केले जात आहे असा नुसता भास मिळाला असता. ज्या गटाची 'चिठ्ठी लागली' असे वाटले, त्यातल्या एकाला प्रत्यक्षात काही मिळालेच नव्हते. जेव्हा कोणालाच खात्री नसते की हे देणे हिताचे आहे, तेव्हा काहींना न देणे हा अन्याय नाही, असे आमचे मत आहे. खात्री नसताना खात्री असल्याचे भासवणे हा अन्याय आहे.

तरीही याला एक मर्यादा आहे आणि ती ओलांडता कामा नये. कॅरोलिन्स्काच्या नेतृत्वाखाली युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमधल्या अकरा हजारांहून अधिक मुलांवर असाच अभ्यास झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या प्रश्नावलीतच ज्या मुलांनी अलीकडे स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केल्याचे किंवा तसा गंभीर विचार असल्याचे लिहिले, त्यांना प्रयोगातून बाजूला काढून लगेच उपचारांची वाट दाखवली गेली, मग ते कोणत्याही गटातले असोत. नव्व्याण्णवांची मोजणी अर्धवट टाकून एकामागे जाणे म्हणजे हेच. ज्या संशोधनात अशी सोय नसते, ते कितीही मोठ्या विद्यापीठाचे असले तरी मुलाला असा प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार नाही. कागदावर क्रमांक असला तरी तो क्रमांक कोणाचा, हे कोणाला तरी ठाऊक असलेच पाहिजे.

त्या अभ्यासातही, शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवल्याने मुलांच्या जिवावरच्या प्रयत्नांत उल्लेखनीय घट दिसली नाही. उपयोग झाला तो मुलांनाच एकत्र बसवून, छोट्या नाट्यप्रसंगांतून आपल्या अडचणींवर बोलू देणाऱ्या कार्यक्रमाचा. चार आठवड्यांत पाच तास, एवढाच तो. वर्षभरानंतर त्या गटातल्या १४ मुलांनी आत्मघाताचा प्रयत्न केल्याचे सांगितले, तर केवळ भित्तिचित्रे लावलेल्या गटातल्या ३४ मुलांनी. फरक वीस मुलांचा. पण ती वीस घरे आहेत.

मोजणेही वाटते तितके सरळ नसते. दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांत २५० मुलांबरोबर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०२० मध्ये आला. सर्वांना चित्रकथांच्या पुस्तिका दिल्या होत्या आणि निम्म्या मुलांना जोडीला समुपदेशक भेटत होता. समुपदेशक मिळालेल्या मुलांनी सांगितले की आमची अडचण हलकी झाली. पण मानसिक लक्षणे मोजणाऱ्या प्रश्नावलीत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. कोणाचे खरे मानायचे, मुलाचे की तक्त्याचे? संशोधकांनी दोन्ही उत्तरे छापली. आमचा कल मुलाकडे आहे. घरातले भांडण किंवा परीक्षेची धास्ती आपल्याला पेलते आहे, असे पंधरा वर्षांच्या मुलाला वाटणे ही लहान गोष्ट नाही. पण तक्ता फाडून टाकावा, असेही आम्ही म्हणणार नाही.

हे सर्व आजच लिहिण्याचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा. आपल्या मिशनरी शाळाही त्यात आल्या. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते सर्वांना माहीत आहे. इतिहासाच्या किंवा पी.टी.च्या शिक्षकांना आणखी एक जबाबदारी दिली जाते, फलक लागतो, एखाद्या शनिवारी वक्ता येतो, मुले हसतात, टाळ्या वाजतात, फोटो निघतात आणि अहवालात एक ओळ वाढते. शिक्षक वाईट असतात असे नव्हे. ज्यांच्या हाती आपले गुण आहेत आणि जे स्टाफरूममध्ये बसून आपल्या काकांशी बोलतात, त्यांच्यापाशी मूल मन उघडेल ही अपेक्षाच अवास्तव आहे. पापनिवेदन ऐकणारे फादर आणि घरी जेवायला येणारे फादर एकच असले तरी चालते, कारण त्यांच्या तोंडाला कायमचे कुलूप असते. समुपदेशकाच्या तोंडाला तसे कुलूप नसते. जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर त्यांना बोलावेच लागते, आणि ते मुलाला आधीच सांगितलेले असावे. तेवढे सोडून बाकी सर्व त्या खोलीतच राहील, हा शब्द मात्र पालकांनीही द्यायला हवा. "काय बोलला तो तुमच्याशी?" असे विचारायला दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ नये.

येत्या पालकसभेत तीन-चार गोष्टी विचाराव्यात, असे आम्हाला वाटते. समुपदेशक शाळेतलेच शिक्षक असणार की बाहेरचे? मुलांना नाव न लिहिता काही सांगता येईल अशी पेटी असेल का, आणि ती कोण उघडणार? वर्षाच्या शेवटी मुलांनाच विचारले जाईल का की उपयोग झाला की नाही, आणि उत्तर 'नाही' आले तर ते आम्हाला कळवाल का? शासनाचा १४४१६ हा टेलिमानस क्रमांक वर्गावर्गात लावला आहे का?

आणि खोली कुठे असेल, हेही विचारावे. मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून, जिथून आत जाणारा प्रत्येक मुलगा अख्ख्या व्हरांड्याला दिसतो, तिथे ती नको. बेथसैदाच्या त्या माणसालाही येशूने आधी हाताला धरून गावाबाहेर नेले होते.