आधी शिक्षकाच्या हाती काड्या द्या

शाळांची अवस्था बिघडली की दोष कुणाच्या तरी माथी जातो. सध्या तो कृतियुक्त शिक्षणाच्या माथी चालला आहे. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही असे ‘असर’च्या अहवालात आले, की पाठोपाठ लेख येतात: ज्ञानरचनावादाने मुलांचे नुकसान केले, पाढे आणि पाठांतर परत आणा, गुरुजींना फळ्यासमोर उभे करा. या मंडळींची चिंता खरी आहे. निदान मात्र चुकले आहे, आणि त्याची किंमत उद्या शिक्षक होणाऱ्यांना मोजावी लागेल.

त्यांचा आवडता पुरावा म्हणजे रंगवलेल्या फरश्या. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन कृतियुक्त शिक्षणाचे काम उभे केले आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला. गावोगावच्या वर्गांत फरशीवर संख्यारेषा, अक्षरचक्रे, गोल आणि चौकटी उमटल्या. पाहायला आलेल्यांना रंग सोबत नेता आला. मूल अडखळले की त्याला पुढे काय विचारायचे, ही तिथल्या शिक्षकांनी कमावलेली नजर एका भेटीत नेता येणारी नव्हती. फरशी रंगवलेल्या कित्येक शाळांत शिकवणे जुनेच राहिले. मग हरले ते कृतियुक्त शिक्षण, असे कसे म्हणायचे?

टीकाकारांकडे याहून वजनदार एक आधार आहे. पॉल कर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांचा २००६चा निबंध. त्यांचे म्हणणे असे: माणसाची कार्यकारी स्मृती एका वेळी फार थोड्या गोष्टी पेलते. नवख्याला साहित्य देऊन ‘शोध घे’ म्हटले, की त्याची सारी शक्ती चाचपडण्यात खर्च होते आणि शिकण्यासाठी काही उरत नाही. विषयाचे पुरेसे ज्ञान जमल्यावरच मार्गदर्शनाची गरज कमी होते. हा निबंध झटकून टाकता येत नाही. प्रयोगशील शाळांच्या चाहत्यांनी तो गंभीरपणे वाचायला हवा होता, कारण ‘मूल आपोआप शिकते’ हे वाक्य आपल्याकडच्या शिबिरांतून फार सैलपणे फिरले आहे. भिंग हातात दिल्याने मूल वैज्ञानिक होत नाही. इथवर टीकाकारांशी सहमत व्हावेच लागते.

पण निबंधाचा रोख आहे तो मार्गदर्शनाच्या अभावावर. मुलांच्या हातात वस्तू देण्यावर नाही. दुसऱ्याच वर्षी सिंडी मेलो-सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की चांगल्या शोधाधारित अध्यापनात पावलोपावली आधार असतो. वाद मिटतो तो इथे, आणि इथेच तो टीकाकारांवर उलटतो. मार्गदर्शन करायचे कुणी? शिक्षकाने. म्हणजे कृतियुक्त वर्गात शिक्षकाचे काम कमी होत नाही, कितीतरी वाढते.

एका साध्या खेळण्यावरून हे तपासता येते. पुण्याच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला गेले आणि तिथे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व ट्यूब यांची मॉडेल्स रचली. काडीचे गूल खरवडून काढायचे, ट्यूबचे बोटाच्या पेराहून छोटे तुकडे करायचे आणि दोन्ही तोंडांतून काड्या खुपसायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण होतो, चारांचा चौकोन. टेबलावर ठेवून कोपरा दाबला की त्रिकोण तसाच राहतो, चौकोन मात्र कलंडून चपटा होतो. वस्तू देऊन शिक्षक बाजूला झाला तर मुले घरे आणि माणसे करतील. तास मजेत जाईल. त्याने आधीच सांगून टाकले की ‘त्रिकोण दृढ असतो’, तर वहीत एक ओळ पडेल. पण त्याने विचारले, ‘चौकोन पडू नये म्हणून कमीत कमी किती काड्या घालाव्या लागतील?’, तर वर्ग कामाला लागतो. ट्यूबला बाभळीच्या काट्याने भोक पाडून पाचवी काडी आडवी घालायला गेले, तर ती तोकडी पडते. चौकोन कलता करावा लागतो, मग ती बसते, आणि चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. पंचकोनाला दोन काड्या लागतात, षटकोनाला तीन. सहावीतले मूल इथे स्वतःच नियम मांडू लागते आणि रेल्वेच्या पुलाकडे, विजेच्या मनोऱ्याकडे नव्याने पाहते.

तो प्रश्न सुचण्यासाठी शिक्षकाने ती काडी एकदा स्वतः घालून पाहिलेली असावी लागते. ती तोकडी पडते हे पुस्तकावरून कळत नाही.

आता अध्यापक महाविद्यालयात काय चालते ते पाहावे. कृतियुक्त अध्यापनावर व्याख्यान होते आणि छात्राध्यापक टिपणे घेतात. थर्मोकोलचा ज्वालामुखी तयार होतो, गुण मिळतात आणि तो कपाटावर चढतो. पाठ टाचणात एका बाजूला अध्यापक कृती, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी कृती. आणि विद्यार्थ्याचे अपेक्षित उत्तर आदल्या रात्रीच लिहिलेले असते. मुलाने वेगळे उत्तर दिले तर ते कुठल्या रकान्यात लिहायचे? सरावपाठात छात्राध्यापक त्या मुलाला बसवतो आणि दुसऱ्याला उठवतो, कारण मागे निरीक्षक बसलेले असतात. त्या मुलाचे चुकीचे उत्तर हीच त्या तासातली सर्वांत मोलाची गोष्ट होती.

शिक्षकाने आधी स्वतः करून पाहायला हवे, हे होशंगाबादला ओळखले गेले होते. १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला, १९७८मध्ये तो जिल्हाभर गेला, १९८२पासून ‘एकलव्य’ संस्थेने सांभाळला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरकारी शाळांचे शिक्षक विद्यार्थ्यांच्या जागी बसत. मुलांना करायचे तेच प्रयोग स्वतः करत. आकडे जुळत नसत, वाद होत, दिल्ली विद्यापीठ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर त्याच टेबलावर. वर्ष सुरू झाल्यावर मासिक बैठका होत, शाळाभेटी होत. शिक्षकांच्या हरकतींमुळे ‘बाल वैज्ञानिक’ पाठ्यपुस्तके पुन्हा लिहिली गेली. परीक्षाही बदलली: पुस्तक उघडे ठेवून लिहायची, सोबत प्रात्यक्षिक. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे शिक्षकांना विचार करणारी माणसे मानून चाललेले काम असे थांबावे, ही या देशाच्या शिक्षणातली मोठी हानी आहे.

महाराष्ट्राला तर याचा धडा होशंगाबादच्याही आधी मिळाला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. साधन काय घ्यायचे हे त्यांनी मुलाकडे पाहून ठरवले.

द्विशिक्षकी शाळेतला शिक्षक म्हणेल, चार इयत्ता एकत्र, वर माहित्या आणि ऑनलाइन नोंदी, काड्या कधी जोडायच्या? तक्रार रास्त आहे. पाढेही पाठ हवेत, वाचनाचा रोजचा सरावही हवा. काड्यांनी त्यांची जागा घ्यावी असे कुणी म्हणू नये. पण २०१४च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले, त्यात किमान २० आठवड्यांची आंतरवासिता आली. हा वेळ हाती आहे. तो टाचणांच्या वह्या भरण्यात घालवायचा की मुलांची चुकीची उत्तरे टिपून त्यांवर संध्याकाळी बसून बोलण्यात, हे अध्यापक महाविद्यालयच ठरवू शकते. आणि तिथे शिकवणाऱ्या प्राध्यापकानेही दरवर्षी काही दिवस जवळच्या प्राथमिक शाळेत वर्ग घ्यावा. छात्राध्यापकांनी मागच्या बाकांवर बसून निरीक्षण करावे. त्याचा पाठ फसला तरी चालेल. फसल्यावर तो मुलांना पुढे काय विचारतो, हे त्यांना एकदा तरी पाहायला मिळायला हवे.