शिस्त कशासाठी?

इ. स. १०९९ च्या ऑगस्टात अष्कलोनाजवळ क्रूसाचे चिन्ह धारण केलेल्या सैन्याने आपल्या नऊ तुकड्या तीन-तीनांच्या तीन रांगांत उभ्या केल्या. हेतू हा की, शत्रू कोणत्याही बाजूने आला तरी तोंड देता यावे. रचना उत्तम, परंतु याच सैन्याने जुलैत यरुशलेमेत बायकामुलांचीही कत्तल केली होती. शिवाजी महाराजांच्या पागेतही पंचवीस बारगिरांवर एक हवालदार व पाच हवालदारांवर एक जुमलेदार असे. पण १६७० नंतरच्या दशकात चिपळूणकडील जुमलेदारांस त्यांनी ताकीद लिहिली की, रयतेस काडीचाही त्रास देऊ नये. प्रिय वाचकहो, शिस्त ही पाटासारखी आहे. जे पाणी सोडावे तेच शेतात पोहोचते. म्हणून सैन्याची परीक्षा रणांगणावरील रांगेत नव्हे, तर बेंबळीसारख्या गावच्या निःशस्त्र कुणब्याच्या दारात होते. तेथे अंगरख्यावर क्रूस असून भागत नाही.