अर्ज केलास का?

पोथ्यांसाठी अनुदानाचा अर्ज केलास का? हो की नाही, एवढंच सांग. ‘बघतोय सर’, ‘समितीपुढे विषय ठेवलाय’, ‘मार्चनंतर करू’ ही उत्तरं मला नकोत. तालुक्याच्या शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाचा तू कार्यवाह. भेटलास की एकच रडगाणं: सरकार काही देत नाही. तू मागितलंस कधी? तारीख सांग. जावक वहीतला क्रमांक दाखव. नाही ना? मग कोणत्या तोंडाने ओरडतोस?

तू ढ असतास तर मी हा कागद काळा केला नसता. शेततळ्याचं अनुदान तूच मिळवलंस ना? सातबारा, आठ-अ, पासबुक, फोटो, सगळं आठवड्यात गोळा केलंस. मुलीच्या जातपडताळणीसाठी पणजोबांचा शाळेचा दाखला तूच शोधून काढलास. तिथे नाही म्हणालास, ‘कागदपत्रं फार लागतात’? तिथे नाही आडवी आली ऑनलाइनची भानगड? घरचं काम असलं की तुझी अक्कल घोड्यावर बसते आणि वाचनालयाचं काम निघालं की तिला लकवा मारतो. हा प्रश्न अकलेचा नाहीच. आपलं कोण आणि परकं कोण, याचा आहे.

म्हणे वशिला लागतो. कुठे लागला? कोणत्या योजनेत, कोणत्या टेबलावर? तुला योजनांची नावं तरी ठाऊक आहेत का? हस्तलिखितं आणि दुर्मीळ पुस्तकं राखणाऱ्या नोंदणीकृत संस्थांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराची अर्थसाहाय्य योजना आहे. संग्रहालयांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची वेगळी आहे. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करतंय. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन 2003 साली सुरू झालं. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्यासाठी. तीत ग्रंथालयं धरली आहेत, घरात पोथ्या असलेले खासगी संग्राहकसुद्धा धरले आहेत. 2003 ते 2025, बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुझ्या वाचनालयातून एक साधं चौकशीपत्र गेलं नाही. वशिल्यावर कसलं खापर फोडतोस?

राममोहन रॉय प्रतिष्ठान ग्रंथालयाच्या शताब्दीसारख्या वर्षांतही मदत देतं. तुझ्या वाचनालयाला 125 वर्षं झाली तेव्हा तू काय केलंस? मांडव घातलास. पाहुणे आणलेस. व्यापाऱ्यांच्या जाहिराती गोळा करून जाडजूड स्मरणिका काढलीस आणि तिच्यात ‘आमचा अमूल्य ठेवा’ म्हणून पोथ्यांचं रंगीत छायाचित्र छापलंस. त्या छायाचित्रातल्या वरच्या पोथीला चिकटपट्टी लावलेली दिसते. स्वतःच छापलेलं पान कधी नीट बघितलंस का? ती चिकटपट्टी पिवळी पडेल, तिचा गोंद कागदात मुरेल, आणि काढायला गेलास की अक्षरं सोबत घेऊन निघेल. हे तुला ठाऊक नाही? ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र परीक्षेत तू पहिला आला होतास.

आता खरं बोलू. घोडं पेंड खातंय ते दुसरीकडे. अर्जातला पहिलाच प्रश्न असतो: तुमच्याकडे आहे काय? त्याचं उत्तर तुझ्याकडे नाही. ‘शेकडो दुर्मीळ पोथ्या’ हे उत्तर नव्हे, ते भाषणातलं वाक्य आहे. किती? कोणत्या? बाळबोधीत किती, मोडीत किती? पूर्ण किती, खंडित किती? पानं किती, लांबी-रुंदी किती, कीड कशाला, ओल कशाला? ही यादी नाही म्हणून अर्ज नाही. आणि यादी का नाही? ती करायची तर कपाट उघडावं लागेल. कपाट उघडलं की तुझ्याच कारकिर्दीत काय काय खाऊन संपलंय ते दिसेल. त्या कपाटाची तुला भीती वाटते आणि तू नाव घेतोस सरकारचं.

ते कपाट मी पाहिलंय, म्हणून एवढ्या अधिकाराने बोलतोय. पोथ्या पॉलिथिनच्या पिशव्यांत कोंबलेल्या. ‘धूळ लागू नये म्हणून.’ अरे, पिशवीत ओल कोंडते आणि पावसाळ्यात आत बुरशी धरते. काजळीच्या शाईची पोथी ओल्या फडक्याने पुसायची नसते, हे शिपायाला कोणी सांगायचं? जुने लेखनिक पोथी संपवताना शेवटच्या पानावर शके घालत, आपलं नाव घालत, आणि तेल, पाणी, सैल बांधणी यांपासून ती राखण्याची विनवणी लिहून ठेवत. त्या माणसांना तुझ्याकडून एवढंच हवं होतं. यादीसाठी लागणारा निम्मा मजकूर त्या शेवटच्या पानावर आयता लिहिलेला आहे. तुला फक्त तो उतरवून घ्यायचा आहे.

आणि नुसत्या पोथ्या म्हणजेच ठेवा, हेही तुझ्या डोक्यातून काढ. तीनशे वर्षांपूर्वीचा चिंध्यांचा हातकागद नीट ठेवला तर आजही लवचीक असतो. तुझ्या मागच्या खोलीतले ‘विविधज्ञानविस्तारा’चे अंक, शंभर वर्षांपूर्वीची गावची साप्ताहिकं, नाटकांच्या जाहिराती हे सगळं लाकडाच्या लगद्याच्या कागदावर आहे. त्या कागदात आम्ल आहे. पान उलटताना कोपरा हातात येतो. पोथ्यांच्या आधी हे मरणार आहे. पण दसऱ्याला पोथीची पूजा होते आणि जुन्या मासिकांवर तू खुर्च्या रचतोस. मोडी वाचता येत नाही, हेही कारण सांगू नकोस. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडी लिपी प्रशिक्षण वर्ग भरतात. तुझ्या तरुण ग्रंथपालाला पाठवलंस का एकदा तरी? त्या पोराने स्वतःहून विचारलं तेव्हा ‘रजा मिळणार नाही’ म्हणालास.

इमारतीचं तर विचारूच नकोस. दगड-मातीच्या, चुन्याच्या भिंतींना तू सिमेंटचा गिलावा मारून घेतलास. का? ‘लवकर झालं, स्वस्तात झालं.’ चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडतं. आता ओल भिंतीतून वर चढून कपाटाच्या पाठीला लागली आहे, आणि तू म्हणतोस पोथ्यांना दमटपणाने कीड लागली. आधी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या वास्तुविशारदाकडून पाहणी करून घ्यायची, अंदाजपत्रक घ्यायचं, अर्ज करायचा, मंजुरी आली की मग कामाला हात घालायचा. तू उलटं केलंस. देणगीदारांचे पैसे घालवलेस, इमारतीचं नुकसान केलंस, आणि आता म्हणतोस, झालेल्या कामाच्या बिलांवर अनुदान मागू. कोण देणार?

बरं, उद्या यादी झाली, अंदाजपत्रक आलं, तरी तुझं गाडं पुढच्या वळणावर अडणार आहे. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकचा उतारा काढून बघ. त्यावर जे विश्वस्त आहेत त्यांतल्या किती जणांना तू खांदा दिलास? विश्वस्त बदलला की 90 दिवसांत सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खाली फेरफार अर्ज द्यायचा असतो. दिलास? कागदोपत्री तुझी संस्था मेलेली माणसं चालवतात आणि तू जिवंत असून कार्यवाह नाहीस. तुझ्या सहीला सरकारने किंमत का द्यावी? तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब कुठे आहेत? ‘सीएकडे आहेत.’ गेल्या वर्षीही त्याच्याकडेच होते. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी केलीस? इमारतीच्या मालमत्ता पत्रकावर नाव संस्थेचं आहे की जागा दान देणाऱ्याचं? वारस उद्या कोर्टात गेले म्हणजे शोधणार का?

वार्षिक परिरक्षण अनुदान पगारात, वर्तमानपत्रांत, वीजबिलात संपतं, ते अपुरं आहे, उशिरा येतं. हे सगळं मला मान्य आहे. सरकारवर टीका कर, मी तुझ्या बाजूने उभा राहीन. पण आपली बाजू धुतलेल्या तांदळासारखी असेल तरच भांडता येतं. अनुदान मिळालं की काम संपलं असंही समजू नकोस. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्यावं लागतं, केंद्राच्या पैशाला 12-अ नमुन्यात. ज्या कामासाठी रक्कम आली त्याच कामावर ती खर्च करावी लागते. पोथ्यांच्या पैशातून सभागृहाचे पंखे बसवलेस तर पुढचा हप्ता विसर, आणि मी पहिला तुझ्याविरुद्ध तक्रार करीन.

वि. का. राजवाड्यांचं नाव तू प्रत्येक भाषणात घेतोस. त्या माणसाने गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उतरवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. पहिला खंड 1898 सालचा. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. 1926 मध्ये ते धुळ्यात वारले, तेव्हा मागे संपत्ती म्हणून कागदच होते, आणि ते सांभाळायला धुळेकरांनी मंडळ काढलं. त्यांना कोणती योजना होती? कोणतं पोर्टल होतं? तुला कपाट मिळालं, इमारत मिळाली, ग्रंथपाल मिळाला. नुसतं नाव घेऊन हार घालणं बंद कर.

पुरे झालं. आता ऐक. उद्या सकाळी वाचनालय उघडायच्या आधी ग्रंथपालाला घेऊन कपाट उघड. पिशव्या काढून टाक. पोथ्या स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडात बांध. चिकटपट्टीला हात लावू नकोस, ते काम जाणकाराचं आहे. नवी वही घे आणि पहिल्या पंचवीस पोथ्यांची नोंद कर: नाव, लिपी, पानं, माप, शके, स्थिती. दुपारी धर्मादाय कार्यालयात जाऊन परिशिष्टाच्या उताऱ्यासाठी अर्ज टाक आणि पोच घे. रविवारी ती वही आणि ती पोच घेऊन माझ्याकडे ये. अनुदानाच्या अर्जाचा मसुदा आपण तिथेच बसून लिहू.