पान उलटून पाहावं



नाशिककडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागायतदार दिवस उजाडताच बागेत शिरतो. पानांवर दव असतं. घड मोजण्याआधी तो पान उलटून पाहतो. वरून फिकट पिवळा, तेलकट डाग. खाली पांढरी बुरशी. हा डाऊनी रोग! रात्रीच्या ओलाव्यात ही बुरशी फोफावते, म्हणून सकाळीच नेमकी सापडते. दुर्लक्ष झालं, तर दमट हवेत हिरवीगार बाग बघता बघता हातची जाते.

माणसांचंही पान उलटून पाहावं लागतं. लहानपणापासून मधुमेह असलेला मुलगा अठराव्या वर्षाच्या आसपास बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जातो. आजवर उत्तरं आई द्यायची. आता प्रश्न थेट त्यालाच. ‘बरं आहे,’ एवढंच तो म्हणतो, आणि हळूहळू तपासण्या चुकवू लागतो. ‘इन्सुलिन घेतलंस का?’ असं दरडावून विचारलं, तर तो खरं सांगेल कशाला? जवळ बसावं. त्याला बोलू द्यावं.

पाहणाऱ्याला काय गवसतं, बघा. 1880च्या दशकात फ्रान्सच्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. मिलार्दे नावाचे एक प्राध्यापक तिथून जात होते. इतर वेलींची पानं याच डाऊनी रोगानं गेलेली, ही मात्र शाबूत! ते थांबले. चौकशी केली, मग प्रयोग केले. चोरांसाठीचा तोडगा बुरशीवर लागू पडला होता. ते बोर्डो मिश्रण आपल्याकडच्या बागांत आजही फवारलं जातं.