ब्रेक कुणाचा?

फिक्स्ड गिअर सायकलमध्ये एक लहानसा भाग नसतो आणि त्याच्या नसण्याने सगळं बदलतं. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. उतारावर टिकटिक करत सायकल आपली आपण जाते, आपण नुसते बसून राहतो. फिक्स्डमध्ये मागचं दातेरी चक्र चाकाच्या हबला घट्ट आवळलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर पाय. वेग कमी करायचा तर पायांनीच त्या फिरण्याला अडवायचं.

अशी एक पोलादी सायकल गेली चार वर्षं मी बंगळुरात रोज चालवतो. बसवनगुडीतून निघायचं, लालबागच्या कडेने डबल रोडला लागायचं, रिचमंड सर्कल ओलांडायचं की ऑफिस आलंच. सहा-सात किलोमीटर. हे शहर पठारावर असलं तरी सपाट नाही. चढउतार सौम्य आहेत, पण पाय त्यांची नोंद ठेवतात. पहिल्या आठवड्यात दर उतारावर पाय सवयीने थांबू बघायचे आणि सायकल त्यांना उचलून पुढे ढकलायची, मागून कुणी हिसडा दिल्यासारखी. हळूहळू शरीराला कळतं की इथे फुकट काही नाही. जो वेग आपण निर्माण केला तो संपेपर्यंत त्याच्यासोबत राहावं लागतं. लांबवरचा सिग्नल, बसथांब्यावरून हललेली बस, रिक्षातून बाहेर आलेला हात यांची दखल मग फार आधीपासून घेतली जाते. मला या सायकलची ओढ लागली ती यामुळे.

पोलाद निवडण्यात भावना कमी, हिशेब जास्त होता. ताण एका मर्यादेच्या आत राहिला तर पोलाद तो जवळपास अमर्याद वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा त्याच्या खात्यावर थोडा तरी जमा होतो. आमच्या रस्त्यांवर खड्ड्यांचा हा जमाखर्च बघायलाच हवा. शिवाय पोलाद तुटण्याआधी बहुधा सूचना देतं, कुठे वाकतं, कुठे रंगावर भेग दाखवतं. इंग्लंडमधल्या रेनॉल्ड्स कंपनीने 1935 साली बाजारात आणलेल्या 531 या नळीच्या जुन्या फ्रेम आजही लोक चालवतात. माझी फ्रेम साध्या क्रोमोलीची आहे. (कोपऱ्यावरचा वेल्डर पोलाद जोडू शकतो हे खरं, पण इतक्या पातळ नळीला त्याने हात लावला तर भोक पडेल. पोलादप्रेमी मंडळी हे सांगत नाहीत.)

गिअर एकच, त्यामुळे तो निवडताना मात्र डोकं लावावं लागतं. मी पुढे 44 आणि मागे 17 दात घेतले. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. मिनिटाला पाऊणशे फेरे मारले की ताशी पंचवीस किलोमीटर; पण उतारावर वेग चाळीसला गेला तर पायांना मिनिटाला सव्वाशेच्या जवळपास फिरावं लागतं. सतरा घेण्यामागे आणखी एक कारण. पायाने चाक अडवून टायर घासत थांबायची पद्धत आहे, आणि तसं थांबताना पायडल दर वेळी एकाच स्थितीत असतं. 48 आणि 16 दात असतील तर पूर्ण भाग जातो आणि टायर दर वेळी त्याच जागी घासून तिथे भोक पडतं. 44 आणि 17 मध्ये सामाईक अवयव नाही, झीज सतरा जागी वाटली जाते. शाळेतल्या गणिताचा इतका रोकडा उपयोग मला दुसरीकडे कुठे झालेला नाही.

ही सायकल पाहिली की लोक एक शब्द हमखास वापरतात: साधेपणा. गिअर नाहीत, तारांचं जाळं नाही, फ्रीव्हीलसुद्धा नाही. कुणी अपरिग्रहापर्यंत पोचतं. मला तिथे अवघडायला होतं, कारण सकाळी त्याच रस्त्यावर एकाच गिअरची पोलादी सायकल चालवणारे इतरही असतात. रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन. दोन्ही बाजूंना शहाळ्यांचे घड लटकावून सायकल ढकलत नेणारा एळनीरवाला. त्यांच्या सायकली काळ्या, सळईच्या ब्रेकच्या, वीसेक किलोच्या. त्यांच्या साधेपणाला कुणी साधेपणा म्हणत नाही. त्यांनी काही सोडलेलं नाही, त्यामुळे सोडल्याचं श्रेयही नाही. कोलकात्यात 2013 साली शंभराहून अधिक रस्त्यांवर सायकलींना बंदी झाली, तेव्हा हौशी स्वारांची गैरसोय झाली. दूधवाल्या-पेपरवाल्यांचा धंदा अडला. वाहन तेच, पण त्याच्याशी प्रत्येकाचा करार वेगळा.

माझ्या मागच्या हबला दोन्ही बाजूंना आटे आहेत. एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसवता येतं. चाक काढून उलटं लावलं की दहा मिनिटांत माझी तपश्चर्या संपते. एळनीरवाल्याच्या सायकलला अशी दुसरी बाजू नाही. म्हणून माझ्या निवडीला मी त्याग म्हणत नाही, आवड म्हणतो. आवड असण्यात कमीपणा काही नाही. फक्त तिच्यासाठी कुणाकडून आदर मागू नये.

पहिल्यांदा ही सायकल शिवाजीनगरच्या (बंगळुरातल्या) एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली तेव्हा त्यांनी मागचं चाक उचललं, पायडल उलटं फिरवलं, चाकही उलटं फिरलेलं पाहिलं आणि म्हणाले, "ये तो सर्कस की सैकल है साब." अगदी बरोबर निदान. सर्कशीतल्या सायकली अशाच असतात, म्हणून तर त्या मागे चालवता येतात. चक्र आवळून वरून उलट्या आट्यांची रिंग बसवताना, ती उलटी का, हेही त्यांनी मला समजावलं: पाय मागे रेटले की चक्र सुटू बघतं, आणि सुटायला लागलं की ही रिंग उलट जास्त आवळते. काम झाल्यावर म्हणाले, "आगे का ब्रेक मत निकालना." मी काढणार नव्हतोच. पण त्यांना असं सांगावं लागतं, म्हणजे काढणारे त्यांच्याकडे येत असणार.

येतात. रविवारी पहाटे कब्बन पार्कजवळ आम्ही दहा-बाराजण जमायचो. त्यातला एक तरुण, पंचविशीचा, हातात कसब असलेला आणि मनाने चांगला, ब्रेकशिवाय चालवतो. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. ब्रेक लावला की मन सैल पडतं, तो म्हणतो. ब्रेक नसला की शंभर टक्के जागं राहावं लागतं, आणि हे जागेपणच तर फिक्स्डचं सार आहे; मग ते अर्धंच का पाळायचं? शेवटी तो म्हणाला, "सर, धोका माझा आहे. मी तो समजून घेतलाय."

त्याच्या पहिल्या म्हणण्यात तथ्य आहे, हे रोज चालवणारा म्हणून मी जाणतो. दुसरं मात्र पटत नाही. सायकल थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. मागच्या चाकाला कितीही अडवा, ते घसरणार. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक नीट दाबला तर नुसत्या मागच्या चाकाच्या साधारण निम्म्या अंतरात थांबता येतं. जागेपणाने हे अंतर भरून निघत नाही, कारण ते मनाचं नाही, टायर आणि डांबराचं आहे. आणि त्या उरलेल्या अंतरात जो उभा असतो त्याने काहीही समजून घेतलेलं नसतं. दुभाजकावरून उतरलेली बाई, शाळेचं दप्तर पाठीला लावलेला पोरगा. धोका त्यांच्या अंगावर येतो, जागेपणाचा आनंद मात्र याच्या वाट्याला.

आपल्याकडे म्हण आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या मालावर उदक सोडून दानाचं पुण्य घ्यायचं. गिअर माझे, ते मी सोडू शकतो. उतारावरचा आराम माझा, तोही सोडला. पुढचा ब्रेक मात्र माझ्या हँडलवर बसवलेला असला तरी माझा नाही. तो समोरून रस्ता ओलांडणाऱ्याचा आहे, माझ्याकडे नुसता सांभाळायला दिलेला. त्यावर तुळशीपत्र ठेवणारा मी कोण?

2016 साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली. इंग्लंडच्या कायद्यात फिक्स्ड चाक हा एक ब्रेक धरतात, पण दुसरा, पुढचा, असावाच लागतो. 2017 साली न्यायालयाने स्वाराला सदोष मनुष्यवधातून मुक्त केलं आणि बेफाम वाहन हाकण्याविषयीच्या 1861 च्या कायद्याखाली अठरा महिन्यांची शिक्षा दिली. ब्रेक असता तर ती वाचली असती का, यावर तिथे वाद झाला. मला त्यातला दुसराच तपशील जास्त बोचतो: त्याने तिला दोनदा ओरडून सावध केलं होतं. ओरडायला वेळ होता. म्हणजे थांबण्याचं काम त्याने आवाजाच्या जोरावर तिच्याकडे सोपवलं.

कष्टाला पावित्र्य चिकटलं की असं होतं. तूर द फ्रान्स ही शर्यत उभी करणारे आंरी देग्रांज स्वतः तगडे सायकलपटू होते. 1893 साली त्यांनी तासाभरात 35.325 किलोमीटर कापून विक्रम केला होता. पण आपल्या शर्यतीत त्यांनी वर्षानुवर्षं गिअर बदलणारं यंत्र वापरू दिलं नाही. ते 1937 साली आलं, त्यांनी सूत्रं खाली ठेवल्यानंतर. खरा कस पायांचाच लागावा हे मत स्वतःपुरतं उमदं आहे. आल्प्सच्या चढावर मात्र पाय दुसऱ्यांचे होते.

हे सगळं त्या तरुणाला मी इतक्या शब्दांत सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की धोका निम्माच तुझा आहे. तो हसला, म्हणाला की तुमच्यासारखे लोक सीटबेल्टबद्दलही असंच बोलतात. मी म्हटलं, सीटबेल्ट ज्याचा त्याचा असतो. तू तो नाही लावलास तर मी तुझ्याशी भांडणार नाही. त्यावर तो थोडा थांबला, मग टायर घासत, अतिशय देखणं वळण घेत निघून गेला. त्याच्यासारखं वळण मला या जन्मात जमणार नाही.

आता रविवारी मी त्यांच्यासोबत रस्त्यावर नसतो. घोळक्यात एकाने सिग्नल तोडला की मागचे सगळे ओढले जातात. मी माझ्या वाटेने, माझ्या वेगाने जातो आणि ते जिथे कॉफी प्यायला थांबतात तिथे पोचतो. तो माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवतो. आम्ही दातांच्या संख्येवर, टायरच्या किमतीवर बोलतो. बाहेर भिंतीला सायकली टेकलेल्या असतात. त्याच्या हँडलकडे माझी नजर जाते आणि ती गेलेली त्याला दिसते.